उपळसरीच्या आडचा वास

"सर, तिला पॅनलवर कशाला ठेवलंय? ती तर काही बोलूनच नाही राहिली."

कोल्ड रूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत मी नमुन्याच्या बाटल्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. बाहेर प्रणव होता, आमचा टॅपरूम मॅनेजर, नागपूरचा. त्याला उत्तर दिलं ते देसाई सरांनी. ते आमचे मुख्य ब्रूअर, मूळचे बेळगावचे.

"बोलायला तू आहेस की," सर म्हणाले. "तिला नाकासाठी ठेवलंय."

प्रणव हसला आणि दोघं निघून गेले. मी आत आणखी दोन मिनिटं थांबले. बोटं आखडली होती, तरी थांबले. लगेच बाहेर आले असते तर मी ऐकलंय हे त्यांना कळलं असतं, आणि मग त्यावर काहीतरी बोलावं लागलं असतं.

बंगळूरला कोरमंगलातल्या एका ब्रूअरीत मी सहा वर्षं काम करतेय. खाली प्यायला बसायची जागा, म्हणजे टॅपरूम, मागे काचेपलीकडे टाक्या. माझं काम गुणवत्तेचं, म्हणजे बनलेली बिअर जशी व्हायला हवी तशी झाली आहे की नाही हे पाहण्याचं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी पुण्याला आईला फोन केला. आमच्या नातेवाइकांत मी 'फूड लाईनमध्ये' आहे. आई म्हणाली, "लिही की. बंगळूरचा अंक इकडे कोण वाचतंय!"

तेव्हा लिहितेय. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं, आम्हाला बिअर प्यायचा पगार मिळतो. प्रत्यक्षात सकाळी अकराला, चहा-कॉफी न घेता, अत्तर किंवा वासाचं तेल न लावता पाच माणसं, म्हणजे आमचं पॅनल, एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकापुढे चार छोटे ग्लास, ग्लासात दोन-तीन घोट. आधी वास घ्यायचा, मग घोट. वाईन चाखणारे थुंकतात, आम्ही गिळतो, कारण बिअरचा कडूपणा घशापाशी पोचल्याशिवाय नीट कळत नाही. मग जे जाणवलं ते आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. हा नियम वाचूनच मी या कामाच्या प्रेमात पडले होते. जगात अशी किती कामं असतील, जिथे गप्प बसणं नियमात लिहिलेलं असतं!

चाखण्याचं शिक्षण इंग्रजीतून झालं. पण वास मला इंग्रजीतून येत नाही. जुन्या झालेल्या बिअरला दोषांच्या तक्त्यावर ओल्या पुठ्ठ्याचं नाव दिलंय. मला ती पावसाळाभर कपाटात राहिलेल्या वहीसारखी लागते. एक दोष मक्याची कणसं उकडलेल्या पाण्यासारखा येतो. आणि एक लोण्यासारखा. साजूक तूप कढवताना बेरी तळाशी बसायच्या आधी घरभर जो वास सुटतो, जवळजवळ तसाच. स्वयंपाकघरात तो हवाहवासा असतो. बिअरमध्ये तो आला की ती दुसऱ्या ग्लासाला नकोशी होते, जिभेवर तेलकट थर बसल्यासारखं वाटतं.

हा लोण्याचा वास यीस्टच तयार करतं, आणि शेवटी दोन-तीन दिवस टाकी जरा उबदार ठेवून वाट पाहिली की यीस्टच तो खाऊन टाकतं. म्हणजे दोष घाईचा असतो. तो राहिलाय का हे पाहायला साधी चाचणी आहे. थोडी बिअर गरम पाण्यात ठेवून तापवायची, निववायची आणि हुंगायची. लोणी लपून बसलं असेल तर तापवल्यावर बाहेर येतं. यंत्र लागत नाही. नाक लागतं.

नाकाची एक गंमत आहे. जवळपास प्रत्येकाचं नाक एखाद्या वासाला बंद असतं. सर्दी नाही, वय नाही, जन्मापासूनच तसं. मला फुलासारखा एक वास अजिबात येत नाही. प्रशिक्षणात त्या वासाची कॅप्सूल घातलेली बिअर मी साधी समजून प्यायले होते. त्यात लाज काही नसते, फक्त आपलं बंद दार कुठलं हे माहीत असावं लागतं.

देसाई सरांना ते माहीत नव्हतं.

गप्प बसायचा नियम सरांना लागू नव्हता. तसं कोणी ठरवलं नव्हतं. पूर्वी मोठ्या कारखान्यात ते एकटेच चाखायचे, एकटेच बोलायचे, ती सवय राहिली होती. घोट घेतला की ते म्हणायचे, "स्वच्छ आहे. थोडी कडू जास्त झाली की." मग बाकीच्या चार चिठ्ठ्यांवर 'स्वच्छ, थोडी कडू' असं यायचं. माझ्यासुद्धा. सरांचा हात असा होता की भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, चिमटीत चुरगाळून ते सांगत, आज गिरणीचे रोलर जरा जवळ आलेत. अशा माणसापुढे आपलं नाक खरं मानायचं कसं?

मागच्या वर्षी गव्हाच्या बिअरला मला लोणी लागलं. सर म्हणाले, "छान, मऊ झालीय." मी चिठ्ठीवर लिहिलेला शब्द खोडला. त्या शनिवारी मी मुद्दाम खाली जाऊन बसले. वेटर टेबलांवरून अर्धे भरलेले ग्लास उचलून नेत होता. कोणी तक्रार केली नाही. लोक तक्रार करत नाहीत, दुसरं काहीतरी मागवतात. माझं मत कोणी विचारलं नव्हतं असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. विचारलं होतं, चिठ्ठी माझ्याच हातात होती.

त्यानंतर मी जुन्या चिठ्ठ्यांच्या फायली काढल्या. सरांनी पुठ्ठा पकडला होता, उकडलेली कणसं पकडली होती, मला सुटलेला आंबटपणाही पकडला होता. लोणी एकदाही नव्हतं. मग महिन्याच्या प्रशिक्षणात मी तीन ग्लासांची परीक्षा ठेवली. दोन ग्लास सारखे, एकात कॅप्सूलने लोण्याचा वास घातलेला. वेगळा ग्लास ओळखायचा. अशा चार फेऱ्या. सरांचा ग्लास तीनदा चुकला. चौथा बरोबर आला, पण त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'अंदाजाने'.

चिठ्ठ्या मी एकटीच तपासते.

"काय गं तन्वी, पास का नापास?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"सगळ्यांचे बरे आहेत, सर," मी म्हणाले.

त्यानंतर मी गपचूप एक व्यवस्था केली. तापवून हुंगायची चाचणी मी स्वतःकडे घेतली. "सर, हे मीच करत जाईन, तुम्हाला बाकी कामं असतात." त्यांना ते आवडलं. प्रणवला म्हणाले, पोरगी जबाबदारी घ्यायला शिकली. मला वाटलं, प्रश्न सुटला. कोणाला न दुखवता सुटला याचा मला थोडा अभिमानही वाटला.

उपळसरीची कल्पना सरांची. काळी बिअर भाजलेल्या माल्टची असते, कॉफी आणि जळक्या साखरेच्या जवळची. तिच्यात आपल्या मातीतलं मूळ घालायचं त्यांच्या मनात होतं. उपळसरी म्हणजे अनंतमूळ. इकडे तिला सोगदे बेरु म्हणतात आणि सरबत करतात. वास व्हॅनिलासारखा, मागे ओली माती. मूळ शोधायचं काम माझ्याकडे आलं.

चिकपेटमध्ये काष्ठौषधींच्या एका दुकानात मुकुंदराव भेटले. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, घरात अजून मराठी.

"काय पायजे अक्का? सोगदे का माकळी?"

मी गोंधळले. त्यांनी दोन मुळं पुढे ठेवली. एक सुतळीएवढं बारीक, काळपट. दुसरं बोटाएवढं जाड. जाडाचा वास दुकानभर पसरला.

"हेच द्या," मी जाडाकडे बोट दाखवलं.

"सगळे तेच म्हणतात बघा. ते माकळी. लोणचं घालतात त्याचं. सोगदे म्हणून पण तेच खपवतात बाजारात." त्यांनी बारीक मूळ माझ्या हातात मोडून दिलं. "स्वल्प थांबा. लगेच नाकाला लावू नका. आता घ्या."

थांबल्यावर वास आला. हळू आला, पण जात नव्हता.

"कशाला पायजे? सरबत?"

मी म्हणाले, "बिअरमध्ये घालायला."

मुकुंदरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "सरी, बरं," ते म्हणाले, "अर्धा किलो देतो. आयुर्वेदच आहे म्हणा तो पण."

पहिला प्रयोग आम्ही मूळ उकळून केला. काढा झाला. दुसऱ्याला मूळ कमी केलं, तर नुसता काढ्याचा भास उरला. मग मी उकळायचं सोडून वीस लिटर तयार बिअरमध्ये मूळ कापडी पुरचुंडीत बांधून, थंडीत पाच दिवस बुडवून ठेवलं. सहाव्या दिवशी सरांनी वास घेतला आणि ग्लास खाली ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

त्या वीस लिटरमधले ग्लास आम्ही नेहमीच्या गिऱ्हाइकांना फुकट दिले. एकांनी खिशातून लॅबचा रिपोर्ट काढून विचारलं, "शुगरला चालेल ना? मूळ आहे म्हणता." प्रणवने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मुळाचं माहीत नाही साहेब, पण बाकीचं नाही चालणार." जयनगरहून मुलाबरोबर आलेल्या एका बाईंनी ग्लास नाकाजवळ नेला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "अय्यो, हे तर सोगदे!" त्या कधीच पीत नसत. दहा मिनिटं त्या नुसता वास घेत बसल्या, मग ग्लास मुलाकडे सरकवला आणि म्हणाल्या, "आता तू पी."

मालकांनी हजार लिटरची टाकी मंजूर केली. शुक्रवारची तारीख ठरली आणि फळ्यावर नाव लिहायचं ठरलं, 'देसाईंची काळी'. तीस वर्षं सर बिअर बनवतायत. कारखान्याच्या बाटलीवर ब्रूअरचं नाव कधी नसतं. सरांची बायको, आमच्या काकू, आणि मुलगा बेळगावहून शुक्रवारी येणार होते. सरांनी त्यांच्यासाठी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं आणि प्रणवला तीनदा आठवण केली.

त्याच्या आदल्या आठवड्यात पुण्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. मी आठ दिवस गेले. टाकी उबदार ठेवून वाट पाहायचे ते हेच दिवस. मंडपात एका काकूंनी विचारलं, "तू बिस्किटांच्या कंपनीत ना गं?" मी मान हलवली. त्याच वेळी सरांचा मेसेज आला: 'चाचणी केली. स्वच्छ आहे. टाकी थंड केली, मूळ टाकलं. तू लग्न एन्जॉय कर.'

मी तो मेसेज दोनदा वाचला. माझी ती गपचूप व्यवस्था मी हजर असेपर्यंतच चालणारी होती, हे मला मंडपात, हातात जिलबीची ताटली घेऊन कळलं. तरी मी उत्तरात अंगठा पाठवला.

परतले त्या बुधवारी पॅनल बसलं. बिअर काळी, फेस बदामी. उपळसरी सुंदर उतरली होती. आणि तिच्या आड, घोट गिळल्यावर, ते होतं.

"वा," सर म्हणाले. "गोड, मऊ. मूळ छान आलंय."

"टॉफी!" प्रणव म्हणाला. "एकदम टॉफी, सर. लोक वेडे होतील."

प्रणवचंही चूक नव्हतं. पिवळ्या बिअरमध्ये लोणी नागडं दिसतं. काळ्या बिअरच्या जळक्या साखरेत आणि उपळसरीच्या व्हॅनिलात मिसळलं की ते मिठाईसारखं लागतं. पहिला ग्लास तर आवडतोच. मी चिठ्ठीवर 'लोणी' लिहिलं. या वेळी खोडलं नाही. पण चिठ्ठी गठ्ठ्यात न ठेवता कोटाच्या खिशात घातली.

दुपारी मला शंका आली की दोष मुळाचाच असेल तर? उरलेल्या उपळसरीचे तुकडे मी आधीच्या एका चांगल्या काळ्या बिअरमध्ये बुडवले आणि टाकीतला नमुना शेजारी ठेवून दोन्ही तापवले. निवल्यावर हुंगले. पहिल्यात मूळ आणि माती. दुसऱ्याचं झाकण काढताच लोणी नाकात शिरलं. मूळ निर्दोष होतं. खात्रीसाठी चिठ्ठी न दाखवता खालच्या आचाऱ्याला दोन्ही दिले. तो म्हणाला, "अक्का, यात कोणी बटर टाकलं?"

गुरुवारी दुपारी बिअर पिंपांत भरायची होती. एकदा भरली की टाकीत परत घेता येत नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या शुक्रवारी फळ्यावर 'देसाईंची काळी' लागली नाही. पुरचुंड्या बाहेर काढून टाकी परत उबदार केली, शेजारच्या टाकीतलं जोमात असलेलं यीस्ट तिच्यात सोडलं, आणि थांबलो. बिअर अकरा दिवस उशिरा आली आणि दोन आठवड्यांत संपली. काकू आणि मुलगा आलेच होते, खिडकीजवळ बसून दुसरं काहीतरी प्यायले. सर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तीन ग्लासांची परीक्षा मांडायला सांगितली, सगळ्यांसमोर दिली आणि सगळ्यांसमोर नापास झाले. आता पॅनलवर ते चिठ्ठी उलटी ठेवून शेवटपर्यंत गप्प बसतात. त्यांच्या चिठ्ठीवर लोण्याच्या रकान्यात 'तन्वीला विचारा' असं लिहिलेलं असतं. गव्हाच्या त्या बिअरबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

त्या गुरुवारी मालकांना सरळ मेल करता आला असता. आचाऱ्याला साक्षीला नेता आलं असतं. चिठ्ठी सरांच्या टेबलावर ठेवून निघून जाणं तर सगळ्यात सोपं होतं, ते मी सकाळी जवळजवळ केलंच होतं. पण टेबलापाशी प्रणव भरायच्या पिंपांची यादी घेऊन बसला होता.

मी टाक्यांकडे गेले. सर एकटेच होते. रबरी बूट घालून, हातात टॉर्च, टाकीच्या काचेतून आत पाहत होते. मला पाहून त्यांनी नमुन्याचा नळ सोडला आणि दोन ग्लास भरले. एक माझ्या हातात दिला. स्वतःचा उजेडासमोर धरला, फिरवला, वास घेतला आणि डोळे मिटून घोट घेतला. त्यांचा चेहरा मी सहा वर्षांत इतका निवांत पाहिला नव्हता.

"घे की," ते म्हणाले. "झालीय का तुझ्या मनासारखी?"

मी वास घेतला, एक घोट घेतला, गिळला. सरांनी सवयीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. माझा हात खिशात गेला, चिठ्ठीला लागला आणि तिथेच राहिला. पंप चालू होता. त्याच्या आवाजात सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला बोलावं लागणार होतं.

"सर, ही आज भरायला नको," मी म्हणाले. "यात लोणी आहे. तुम्हाला तो वास येत नाही, पहिल्यापासूनच येत नाही. मला येतो."